जात्याला टाकी, चक्कीला मिस्त्री



आषाढातली अष्टाह्निका जवळ आली की आपल्या घरांत धान्य निवडणं, डबे उन्हात टाकणं, घरची चक्की उघडून साफ करणं सुरू होतं. चातुर्मासात पिठाची मर्यादा तीन दिवसांची. उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस मिळतात, पावसाळ्यात तेवढी सवलत नाही. म्हणजे आठवड्यातून किमान दोनदा दळण आलंच. वर्षभर कुरकुरत का होईना चालणारी चक्की नेमकी याच दिवसांत अंग टाकते. मग घरात वाद सुरू होतो. दुरुस्त करायची की नवी आणायची? यंदा छावणीतल्या तीन मैत्रिणींनी मला हेच विचारलं, आणि आमच्या घरीही तोच विषय चालू होता. हिशेबाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी हा प्रश्न आपल्याकडे आला कसा आणि कधी, ते बघावंसं वाटलं. आपल्या पणजीला तो पडत नसे.

पणजीकडे जातं होतं. मराठवाड्यात काळा पाषाण पायाखालीच, त्यामुळे दगडाला तोटा नाही. खालची तळी जमिनीत किंवा ओट्यात बसवलेली, मधोमध खुंटी, वरची तळी त्या खुंटीवर फिरणारी, तिच्या कडेला हातात धरायचा लाकडी खुंटा. धान्य मधल्या तोंडातून पडायचं आणि दोन तळ्यांमध्ये भरडत भरडत कडेला पीठ होऊन यायचं. हे काम दगडाच्या वजनाने होतं तितकंच त्याच्या खरबरीतपणानेही होतं. दोन्ही तळ्यांच्या आतल्या अंगाला छिन्नीने बारीक टिचके मारलेले असतात. दळून दळून ते झिजले की दगड गुळगुळीत होतो. मग जातं नुसतं फिरतं, पीठ जाडं पडतं, हाताला गरम लागतं आणि बाईचा दम निघतो.

म्हणून जात्याला टाकी लावावी लागे. टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. गल्लीत ‘जात्याला टाकीऽऽ’ अशी हाळी आली की बायका वरची तळी उचलून अंगणात आणून ठेवत. तो माणूस मांडी घालून बसे, टकटक करत दोन्ही तळ्या पुन्हा खरबरीत करून देई. मोबदला बहुतेक वेळा धान्याचाच. टाकी लावल्यावर पहिली मूठभर ज्वारी किंवा कोंडा दळून टाकून द्यायचा, कारण त्यात दगडाची कच येते. मगच घरचं दळण.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जातं झिजणार हे ते घडवणाऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं आणि झिजलं की काय करायचं हेही ठरलेलं होतं. जातं ‘बिघडलं’ असं कुणी म्हणत नसे, ‘टाकीला आलं’ म्हणत. दरवेळच्या टाकीने वरची तळी थोडी पातळ व्हायची. खूप वर्षांनी ती इतकी हलकी व्हायची की दाणा नीट फुटेना, तेव्हा फक्त वरची तळी नवीन यायची. खालची तशीच राहायची, सासूकडून सुनेकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर अर्धं यंत्र बदललं जाई आणि तेही एखाद्या पिढीत एकदा.

आता टाकी लावणारा तो माणूस कोण होता? आपल्या इतिहासात जात्यावरच्या ओव्या येतात, त्याचा उल्लेख मात्र कुठे सापडत नाही. टकारी, पाथरुट, वडार अशा समाजांतली ही माणसं. टकारी हे नावच टाकीवरून पडलेलं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याचा पसारा वाढवत नेला. त्यात अशा फिरस्त्या समाजांवर जन्मतःच चोर असल्याचा शिक्का बसला. तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडलं. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा या नोंदीखाली आजही टकारी, पाथरुट, उचले आणि गिरणी वडार ही नावं ओळीने वाचायला मिळतात. ‘गिरणी वडार’ हे नाव वाचून मी थांबलेच. ज्यांच्या हाताने आपल्या घराचं पीठ बारीक यायचं, त्यांचीच नावं ती. मराठवाड्यातल्याच लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते याच समाजाचं जगणं सांगतं. आपल्यापैकी कितीजणींनी ते वाचलं आहे? वाचनालयात मिळतं, जरूर वाचा.

जात्याशी आपल्या धर्माचं नातंही जुनं आहे. गृहस्थाच्या घरात हिंसा कुठे कुठे घडते, तर श्रावकाचारावरच्या टीकांमध्ये पाच सूना सांगितल्या आहेत. उखळ, जातं, चूल, पाण्याचा घडा आणि केरसुणी. म्हणजे स्वयंपाकघरातली पाचही रोजची साधनं. ती टाळता येत नाहीत, म्हणून जपून वापरायची. दळण्याआधी जातं मऊ झाडणीने झाडून घ्यायचं, धान्य डोळ्यांखालून घालायचं, अंधारात दळायचं नाही, दळून झालं की फडक्याने झाकायचं. गावात इतर घरांत पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर सुरू व्हायची, आपल्याकडे उजेडाची वाट बघितली जाई. मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावणाऱ्या काही घरांत आजही हाताच्या जात्याचंच पीठ वापरतात.

हातांऐवजी पाण्याने दगड फिरवायचा प्रयोग आपल्याच शहरात झाला होता. छावणीतून खाम नदीच्या बाजूला गेलं की मिल कॉर्नर आणि पुढे महमूद दरवाजापाशी पाणचक्की. अठराव्या शतकातलं हे काम. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांना आणि यात्रेकरूंना भाकरी मिळावी म्हणून उभी केलेली पिठाची चक्की. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी तो हौद आणि कोसळणारं पाणी पाहिलंय, पण दगड कसा फिरतो ते बघायला फार थोड्या जणी वाकल्या असतील. पाण्याचा झोत खाली आडव्या बसवलेल्या पात्यांवर पडतो, पाती उभ्या लोखंडी दांड्याला जोडलेली आणि त्या दांड्याच्या वरच्या टोकाला चक्कीची तळी. मोटर नाही, पट्टा नाही.

यातलं खरं यंत्र चक्की नव्हतंच. ते होतं पाणी. उत्तरेच्या डोंगरातून सुमारे 11 किलोमीटरवरून जमिनीखालच्या खापरी नळांतून ते आणलेलं. त्याच्याही शंभर वर्षं आधी मलिक अंबरने, 1610 च्या सुमारास खडकी वसवल्यावर, अशाच भूमिगत नहरींनी शहराला पाणी पुरवलं होतं. तीच विद्या पुढे पाणचक्कीच्या कामी आली. अशा नहरींत गाळ साचतो, झाडांची मुळं शिरतात, नळ फुटतात. सतत कुणीतरी खाली उतरून साफ करावं लागतं. सांभाळणारे होते तोवर नहरी वाहत्या राहिल्या. मग शहर वाढलं, नहरींच्या अंगावर घरं आली आणि नळाने पाणी घरात आल्यावर नहरींकडे कुणाचं लक्षही राहिलं नाही. पाणचक्कीचा दगड झिजला म्हणून तिच्यावर दळायचं थांबलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आपली छावणी 1819 ची. निजामाच्या पदरच्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेसाठी वसवलेली. तिचा इतिहास हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे वाट वाकडी करत नाही. फक्त गुरुवारच्या बाजाराचं सांगते. आज तिथे जनावरं आणि भाजीपाला जास्त दिसतो, पण आमच्या सासूबाईंच्या आठवणीत जातं, पाटा-वरवंटा आणि उखळ विकणारे कडेला बसायचे, आणि टाकी लावणारेही.

मग आली इंजिनाची गिरणी. पुकपुक करणारी, मैलभर ऐकू जाणारी. पुढे तीच विजेवर चालू लागली. बाईच्या खांद्यावरचं ओझं तिने उतरवलं, हे आधी मान्य करायला हवं. जात्याच्या ओव्यांवर आपण फार हळवं होऊन बोलतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो मोठाच ठेवा आहे. पण रोज पहाटे दोन-तीन तास तो दगड ओढायचा होता म्हणून त्या ओव्या सुचल्या, हेही विसरू नये. मला कुणी ओव्यांसाठी रोज जातं ओढायला सांगितलं तर मी हात जोडीन.

आपली अडचण निराळी होती. गिरणीत आपल्या आधी कुणाचं काय दळलं गेलं? त्या धान्यात किडे होते का? चक्कीच्या पोटात कालचं पीठ उरलंय का? मर्यादा कुठल्या दिवसापासून मोजायची? ज्यांच्याकडे नियम आहे त्या घरांनी जातं म्हणूनच उशिरापर्यंत सोडलं नाही. घरात ठेवता येईल अशी विजेची चक्की बाजारात आली तेव्हा आपल्या समाजात ती इतकी पटकन शिरली, त्याचं कारण श्रीमंती नव्हे, हा नियम आहे.

त्याआधी मात्र मिक्सर आला होता. आणि ‘दुरुस्त की नवीन’ या प्रश्नाची खरी गोष्ट मिक्सरचीच आहे. मुंबईच्या माधुरी माथुर यांच्याकडे ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर होता. तो बनला होता तिकडच्या स्वयंपाकासाठी. आपली भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, मसाले, हळकुंड त्याला कुठले झेपणार? मोटर जळली. दुरुस्त करायला इथे त्या कंपनीचं केंद्रच नव्हतं. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. बाईंनी त्यांना सांगितलं, तुम्हीच काहीतरी करा. 1963 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि त्यातून ‘सुमीत’ मिक्सर उभा राहिला. जास्त ताकदीची मोटर, ओल्या-सुक्या दोन्ही वाटणाला चालणारी पाती आणि भांडी. आपल्या आयांच्या पिढीला मिक्सर म्हणजे सुमीतच. पुढे त्या कंपनीचा तो दिमाख राहिला नाही, पण जुने सुमीत कितीतरी घरांत फिरत राहिले. कार्बन ब्रश बदलायचे, भांड्याखालचा रबरी तुकडा बदलायचा, पात्यांना धार लावायची. टाकीच ती, दुसरं काय?

हा काळ, साधारण नव्वदीपर्यंतचा, दुरुस्तीचा सुकाळ होता. पेठेत, छावणीत, प्रत्येक वस्तीत एखादा मिस्त्री असायचा, जो पंखा, इस्त्री, मिक्सर, रेडिओ सगळं उघडायचा. आपल्या पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन बनत. शहरातल्या कितीतरी घरांचा पगार तिथून यायचा. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बनवणारी कंपनी मावळते, पण तिची यंत्रं घरोघरी चालूच असतात. त्यांचं आयुष्य मग गल्लीतल्या माणसाच्या हातात येतं.

आता तो माणूसही अवघडला आहे. स्क्रूच्या जागी चिकटवलेली झाकणं आली, साध्या बटणाच्या जागी सर्किट आलं आणि सुटा भाग मागितला की ‘पूर्ण सेट घ्या’ असं उत्तर येऊ लागलं. यामागे दरवेळी डाव असतो असं मी म्हणणार नाही. पण डाव झालेलाही आहे. 1924 साली युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन ठरवलं की घरगुती बल्ब हजार तासच टिकावा. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड! आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळही सुरू केलं. त्यात घरगुती उपकरणं, मोबाइल, वाहनं आणि शेतीची अवजारं येतात. तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील द्यावा अशी अपेक्षा आहे. मोठी वस्तू घेण्याआधी एकदा तिथे डोकावायला हरकत नाही.

आता हिशेब. घरच्या चक्कीची मोटर बहुधा एक हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण 750 वॅट. आठवड्यात दोन तास चालली तर दीड युनिटच्या आसपास वीज. नवीन चक्की कितीही ‘वीज वाचवणारी’ असली तरी दीड युनिटातून वाचवून वाचवून किती वाचवणार? म्हणून विजेच्या नावाखाली चक्की बदलू नये. फ्रीजचं उलट आहे. तो चोवीस तास चालतो. ताऱ्यांच्या लेबलची योजना 2006 मध्ये सुरू झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर ते 2010 पासून सक्तीचं झालं. त्याआधीचा फ्रीज घरात असेल आणि त्याचा कॉम्प्रेसर गेला असेल तर तिथे पैसे ओतण्यात अर्थ नाही. माया सगळ्याच जुन्या वस्तूंवर सारखी करून चालत नाही.

मग धर्माचं काय? मला बरेचदा ऐकायला मिळतं की जुनं टिकवणं म्हणजेच अपरिग्रह. इतकं सोपं नाही ते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अनर्थदंडविरतीचे अतिचार दिले आहेत, त्यातले दोन इथे नेमके लागू पडतात. एक, विचार न करता काम वाढवणं. दुसरा, उपभोग-परिभोगाच्या वस्तू गरजेपेक्षा जास्त साठवणं. नवीन चक्की आणली आणि जुनी ‘असू दे, कधी लागली तर’ म्हणून माळ्यावर चढवली, तर तो दुसरा अतिचार झाला. आपल्या घरांत माळ्यावर किती मिक्सर झोपलेत ते मोजून बघा. बंद वस्तू ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे गेलेली बरी. आत तांबं आहे, ते पुन्हा कामाला येतं.

आणि दुरुस्तीत नेहमी अहिंसाच असते असंही नाही. चक्कीचा पत्रा आतून गंजला, कोपऱ्यात पीठ अडकू लागलं, दाराचं रबर कडक होऊन फट पडली, तर तिथे पावसाळ्यात आठ दिवसांत जाळी धरते आणि अळ्या होतात. मग पुढच्या दळणात काय दळलं जातं हे सांगायला नको. अशी चक्की मोटर कितीही चांगली असली तरी ठेवू नये. म्हणून मिस्त्रीला ‘किती खर्च येईल’ विचारण्याआधी मी मैत्रिणींना सांगितलं, ती पूर्ण उघडते का ते बघा. आतला प्रत्येक कोपरा हाताला लागतो का, डोळ्यांना दिसतो का. जिथे हात पोचत नाही तिथे झाडणी पोचत नाही. तिघींपैकी एकीची चक्की यात नापास झाली, तिने नवीन घेतली, आणि मला ते पटलं.

आमची चौदा वर्षांची. मोटर जळलेली, बनवणाऱ्यांकडे आता त्या जातीचे भाग मिळत नाहीत. घरात दोन पक्ष पडले. मुलाचं म्हणणं, नवीन घेऊ, हप्त्यावर मिळते. सासूबाईंचं म्हणणं, चातुर्मासात नवी वस्तू नको आणि गिरणीचं पीठ तर मुळीच नको. यजमान नेहमीप्रमाणे दोन्हीकडे मान हलवत होते. छावणीतल्या मिस्त्रीकाकांनी चक्की अंगणात आणून पूर्ण सुटी केली. पत्रा स्वच्छ होता, कोपरे गोल होते, जाळी निघत होती. ते म्हणाले, “ताई, मोटर तांब्याची आहे, पुन्हा भरून देतो. बेअरिंग, कॅपॅसिटर आणि दाराचं रबर नवीन टाकतो. सांगाडा हाच राहू द्या, असा पत्रा आता येत नाही.” आलेला खर्च नवीन चक्कीच्या किमतीच्या चौथाईहून कमी होता. मुलानेच मोजून दाखवला, हे मुद्दाम लिहिते.

काकांचं वय सत्तरीकडे झुकलेलं. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, हे काम शिकलेला नाही. मी त्यांना विचारलं, तुमच्यानंतर कोण? त्यांनी स्क्रू डबीत मोजून टाकले आणि रबर बसवायला घेतलं.

मोटर भरून यायला आठवडा लागला. तेवढे दिवस सासूबाईंनी माळ्यावरचं छोटं जातं काढलं. (हो, माझ्याही माळ्यावर आहे. पण ते वापरात आलं, म्हणून अतिचारात धरू नका!) अर्धा किलो गव्हाला मला पाऊण तास लागला आणि दुसऱ्या दिवशी खांदा उचलेना. त्याला टाकी लावायला कुणी मिळतं का म्हणून गुरुवारी बाजारात चौकशी केली. नाही मिळालं.

चक्की बसवून झाल्यावर काकांनी सांगितलं की पहिली मूठभर ज्वारी दळून टाकून द्या, आत कानशीचा कीस राहिलेला असतो, मग तुमचे गहू घाला. सासूबाई लगेच म्हणाल्या, “हे काय नवीन आहे का!” आणि ज्वारी आणायला उठल्या. दळून झाली. कीस असलेलं ते पीठ गाईला घालता येत नाही, ओल्या मातीत टाकावं तर त्यात किडे होणार, कचऱ्यात टाकावं तर मुंग्या लागणार. शेवटी कागदाच्या पुडीत बांधून ते कोरड्या डब्यात ठेवलंय. त्याचं काय करायचं हे अजून आमचं दोघींचं ठरत नाहीये. तुमच्याकडे काय करतात ते कळवा.